महालक्ष्मी एक-दोन-तीन

डहाणू तालुक्यातल्या निम्म्या कॉम्प्युटरांचा पासवर्ड महालक्ष्मी असतो, पुढे एक-दोन-तीन. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण मसोलीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि ही सगळी मशिनं माझ्याच टेबलावर यायची. पासवर्ड बदला म्हटलं की लोक दुखावायचे. "देवीचं नाव आहे मॅडम, तीच राखते." अहो, देवी गड राखते, माणसं राखते. आता तिने तुमचं विंडोजही राखायचं का?

२०१७ साली तळासरीतल्या एका छोट्या संस्थेचं काम माझ्याकडे आलं. बापजाद्यांपासून कसत आलेली जंगलजमीन नावावर व्हावी म्हणून पाड्यांवरचे लोक वनपट्ट्याचे दावे करतात, त्यांना ही संस्था मदत करायची. ज्याच्याकडे जुना कागदच नाही, त्याला घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब हाच पुरावा. मी केबल ओढत होते तेव्हा शेजारच्या खोलीत एका आजीचा जबाब व्हिडिओवर चालला होता. लग्न होऊन आले तेव्हा शेतात नागली होती, विहीर सासऱ्याने खणली, जंगलखात्याने झोपडी मोडली, सगळं धडाधड सांगत होती. मध्येच तिने कॅमेऱ्यामागच्या बाईलाच दटावलं, "लिहून घे गं, नुसती मान काय हलवते!" दारात बसलेला तिचा मुलगा हसत सुटला. तो जबाब कागदावर उतरवून आजीचा अंगठा घ्यायचा होता. निवांत करू, म्हणाले संस्थेचे सर.

हे सर बोर्डीला राहायचे, चिकूच्या वाडीत. त्यांना घरबसल्या तळासरीचा कॉम्प्युटर चालवायचा होता. उंटावरून शेळ्या हाकायची हौस, दुसरं काय! तरी मी नीट करून दिलं. आधी व्हीपीएन जोडायचं, म्हणजे आपल्यापुरता बंद रस्ता, आणि आत शिरायला वेगळा, लांबलचक पासवर्ड. बॅकअपची हार्डडिस्क रोज काम संपलं की काढून कपाटात ठेवायची. एवढंच सांगितलं होतं.

तेवढंही जड झालं. "दोन-दोन कुलपं कशाला? तळासरीत कोण रशियावाला डोकावणार आहे?" सरांनी वापीच्या कुणा प्रिंटरवाल्याला बोलावून व्हीपीएन काढून टाकलं, राउटरवर बाहेरून थेट आत यायचं दार उघडून घेतलं आणि पासवर्ड काय ठेवला, ते सांगायलाच नको. हार्डडिस्क तर कायमची लावलेलीच. रोज काढ-घाल कोण करणार, म्हणे. मला कुणी कळवलंसुद्धा नाही.

दिवाळीनंतर फोन आला, फायली उघडत नाहीत. जाऊन बघते तर प्रत्येक फायलीच्या नावाला भलतीच अक्षरं चिकटलेली आणि स्क्रीनवर इंग्रजीत खंडणीची धमकी. हार्डडिस्कही तशीच. अहो, डोकावायला माणूस लागतच नाही! जगभर उघडी दारं चाचपत प्रोग्राम फिरत असतात, त्यांना तळासरी काय नि टोकियो काय. कॅमेऱ्याचं कार्ड मागितलं, तर ते पुसून पुढच्या जबाबाला वापरलेलं.

वर सर मला विचारतात, "मॅडम, तुम्ही बसवलेल्या सिस्टिममध्ये व्हायरस आलाच कसा?" चोर तो चोर, वर शिरजोर! माझं डोकं असं तडकलं की सगळ्या ऑफिससमोर बोलले, "मी बसवलेलं तुम्ही उपटून फेकलंत. आता माझं नाव तोंडातून काढायचं नाही."

तेवढ्यात आजीचा मुलगा आला. डहाणूला प्रांत ऑफिसात त्याच्या दाव्याची सुनावणी लागली होती, म्हणून आईचा जबाब न्यायला आला होता. सरांचा आवाज एकदम मऊ झाला. त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"अरे, कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आला, आईचं रेकॉर्डिंग गेलं. पण तू काळजी करू नको. परत करून टाकू. उद्याच घेऊन ये तिला."

तो पाणी पिता पिता थांबला. आधी त्याने माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे.

"आय आखाडात वारली, सर. तुमी आले होते ना तिच्या दिवसकार्याला."