काटा नाल्यापलीकडे गेला

समुद्रपूर तालुक्यातल्या सावळखेडीत कापूस वेचणाऱ्या बायांची जी टोळी होती, तिची पुढारी यशोदाबाई. तिला कोणी निवडून दिलेलं नव्हतं. दिवसाकाठी पन्नास किलो वेचणारी ती एकटी होती, आणि शेतमालकाशी बोलताना तिची मान खाली जात नसे. तेवढ्यावर बाकीच्या चौदा जणी तिच्या मागे चालत.

१९९७ च्या दिवाळीनंतर मात्र ती मानच धरली. डोक्यावर गाठोडं घेतलं की उजव्या हाताच्या बोटांत मुंग्या यायच्या, आणि सकाळी चुलीवरचा तवाही उचलवत नसे. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, उजेडासमोर धरून पाहिला आणि म्हणाल्या, "वेचा हवं तेवढं. डोक्यावर ओझं घेतलंत तर हात जाईल."

हे ऐकून यशोदाबाईला हसू आलं. वेचणं वेगळं आणि वाहणं वेगळं, असं तिच्या गावात कोणी मानत नव्हतं. दिवसभर वेचलेला कापूस जुन्या लुगड्यात नाहीतर धोतरात भरायचा, चारी टोकांची गाठ मारायची आणि ते गाठोडं वजनकाट्यापर्यंत आपणच डोक्यावर न्यायचं. वजन होईपर्यंत दुसरीच्या हाती द्यायचं नाही. जिला वाहता येत नाही, तिने वेचायला येऊ नये, इतकं ते सरळ होतं.

त्यातून टोळी ज्यांच्याकडे वेचायला जायची, त्या प्रभाकररावांचं वावर नाल्यापलीकडे. अठरा एकर काळी जमीन, आणि नाल्याचा चिखल पौष सरेपर्यंत वाळत नसे. बैलबंडी घातली तर चाकं आसापर्यंत रुतायची. म्हणून चार वाजले की बाया वेचणं थांबवायच्या आणि चाळीस-चाळीस किलोची गाठोडी घेऊन दगडांवरून नाला ओलांडायच्या. रस्त्याकडेच्या बाभळीला काटा टांगलेला असे. तिथवर अर्धा किलोमीटर.

यशोदाबाईने त्या हंगामाचे उरलेले दिवस घरी काढले. तिचा नवरा तानबा लोहारकी करायचा. बंडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवणं कमी झालं तसं त्याने वेल्डिंगचं मशीन घेतलं होतं. बायको दिवसभर घरात बसलेली त्याला बघवत नव्हती, आणि ऐकवतही नव्हती, कारण ती बसल्या बसल्या त्याच्या प्रत्येक कामात खोट काढायची.

"तुले वाहाचं नाई ना?" एक दिवस तो म्हणाला. "मंग कापूस दोरावर टांगून नेऊ."

"वाळू घालता का कापूस?"

"हसजो मंग," तानबा म्हणाला आणि हिंगणघाटच्या भंगार बाजारात गेला.

त्याने आणलेल्या वस्तूंनी अंगण भरलं. लोखंडी पाइप, जुन्या जीपचा गिअरबॉक्स, स्कूटरची सोळा चाकं, आणि कुठल्याशा बंद खाणीतून आलेला तारेचा जाड दोर. बेत असा होता. नाल्यापलीकडून रस्त्यापर्यंत खांब रोवायचे, त्यांच्या डोक्यावर चाकं बसवायची, त्यांवरून दोराचा फेरा फिरता ठेवायचा. दोराला ठरावीक अंतरावर आकडे. पलीकडे गाठोडं अडकवलं की अलीकडे येऊन पोचलं पाहिजे. ओढायला प्रभाकररावांच्या विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन. प्रभाकररावांनी इंजिन दिलं, दोराचा खर्चही दिला. बाया चारऐवजी पाचपर्यंत वेचतील, हा हिशेब त्यांना कोणी समजावून सांगावा लागला नाही.

१९९८ च्या दसऱ्याला खांब उभे राहिले. तानबाने खताच्या रिकाम्या पोत्यांत वीस-वीस किलो वाळू भरली, पोती आकड्यांना लावली आणि इंजिनाचं हॅन्डल मारलं. एकामागून एक पोतं नाल्यावरून तरंगत आलं. तानबाने त्या दिवशी गावात दोनदा चहा पाजला.

महिन्याने पहिल्या वेचणीत खरं गाठोडं लावलं, तेव्हा ते पहिल्याच खांबाला आपटून फुटलं. वीस किलो वाळू मांडीएवढ्या पोत्यात मावते. वीस किलो कापूस एका माणसाच्या कवेत येत नाही. जन्मभर लोखंड तोलणाऱ्या तानबाने वजन बरोबर धरलं होतं, फुगवटा धरलाच नव्हता. नाल्यावर कापूस उडाला आणि बाभळींना पांढरी फुलं आल्यासारखं दिसू लागलं.

"यशोदे, तुह्या नवऱ्याले म्हन आता रेती वेचाले येजो," सुलोचनाबाई ओरडली. ती यशोदाबाईची बालमैत्रीण आणि टोळीतली सगळ्यात तिखट जीभ. बाया पोट धरून हसल्या. यशोदाबाईही हसली. मग घरी येऊन तिने एक मोठं गाठोडं बांधलं, अंगणात मधोमध ठेवलं आणि म्हणाली, "आता माप घ्या याचं. काऊन पाहून राह्यले? घ्या ना."

तानबाने माप घेतलं. चार दिवसांत प्रत्येक खांबाला बाहेर काढलेला हात जोडला, चाकं त्या हातांवर नेली. आता गाठोडं खांबापासून वीतभर अंतर राखून जात होतं.

यंत्र चालू झालं, आणि खरी अडचण त्यानंतर आली.

त्या संध्याकाळी दोर फिरत होता, आकडे रिकामे जात होते. पंधरा बाया आपापल्या गाठोड्यावर बसल्या होत्या. कोणी उठेना. तानबा इंजिनापाशी उभा राहून हातवारे करत होता. शेवटी प्रभाकरराव धोतर वर धरून नाला ओलांडून आले.

"काय झालं, यशोदाबाई? दिवस मावळून राह्यला."

यशोदाबाईने सुलोचनाबाईकडे पाहिलं. सुलोचनाबाईने तोंड उघडलं. "भाऊ, गाठोडं इथून जाईन. तिथं कोन काढीन? कोनाचं कोनतं, कोन सांगीन? वाटेत मूठभर सांडलं तं कोनाचं गेलं?"

"माझा माणूस काढेल ना."

"तुमचाच मानूस, म्हनून तं इचारलं."

बाया हसल्या, पण उठल्या नाहीत. यशोदाबाईची अडचण दुहेरी होती. यंत्र नवऱ्याचं होतं, आणि ते नाही चाललं तर या वावरात तिची जागा उरणार नव्हती. तिने स्वतःचं गाठोडं पुढे होऊन लावलं असतं, तर चार जणी भिडेखातर लावायला आल्याही असत्या. पण सुलोचना म्हणत होती ते खोटं नव्हतं. आजवर तिनेही वजन होण्याआधी आपलं गाठोडं नजरेआड होऊ दिलं नव्हतं. नवऱ्याच्या यंत्रासाठी दुसऱ्या बायांना तसं करायला सांगायला तिची जीभ वळेना.

"भाऊ," ती म्हणाली, "काटा इकडं आणा."

प्रभाकररावांच्या घरची एक रीत होती. हंगामाच्या सुरुवातीला सीतादहीच्या, म्हणजे सीतामाईच्या पूजेच्या दिवशी वावरात दहीभात शिंपडला, की बाभळीला टांगलेल्या काट्याला कुंकू लागायचं, आणि शेवटचं बोंड वेचून होईपर्यंत तो तिथून काढायचा नाही. त्यांच्या वडिलांनी कधी काढला नव्हता.

"काटा जागचा हलत नाही, यशोदाबाई. तुला माहीत आहे."

"मंग कापूसबी हलत नाई."

"अगं, कुंकू लागलंय त्याला."

"त्याले उतरवा, इकडं टांगा, मी आनखी कुंकू लावते. सीतामाय काय रस्त्यावरच राह्यते? वावरातबी राह्यत असन ना?"

सूर्य बाभळींच्या शेंड्याला टेकला होता. सहा क्विंटल कापूस वावरात पडून होता आणि दहिवर पडायची वेळ होत आली होती. भिजलेल्या कापसाला बाजारात कोण विचारतं, हे प्रभाकररावांना पक्कं माहीत होतं. ते वळले आणि स्वतः बाभळीपाशी जाऊन त्यांनी काटा खाली घेतला.

तानबाने उरलेले तीन पाइप शेंड्याला तारेने बांधून तिकाटणं उभं केलं. नाल्याच्या त्या काठावर, बायांच्या मध्ये, काटा लागला. यशोदाबाईचं गाठोडं पहिलं. सगळ्यांनी दांडी पाहिली, वजन लिहिलं गेलं. मग तिने ते आकड्यांना पेलेल असं दोन भागांत बांधून लावलं आणि मागे वळूनही पाहिलं नाही. वजन झालं होतं. आता तो कापूस मालकाचा होता, आणि वाटेत मूठभर सांडला तर मालकाचा सांडणार होता.

ही गोष्ट बायांच्या लक्षात यायला चार-पाच गाठोडी जावी लागली. इतकी वर्षं आपण अर्धा किलोमीटर वाहत होतो ते ओझं कोणाचं होतं, हे सुलोचनाबाईनेच बोलून दाखवलं. "माय वं," ती म्हणाली, "आपन फुकटच्या बंड्या होतो." त्यानंतर मात्र त्या घाईने आल्या, इतक्या की तानबाला ओरडून सांगावं लागलं, एका आकड्याले एकच लावा.

पुढच्या दोन वर्षांत नाल्याकाठच्या आणखी तीन शेतकऱ्यांनी तानबाकडून असे दोर बसवून घेतले. २००३ साली कृषी खात्याचे साहेब बघायला आले, तेव्हा त्यांनी गिअरबॉक्सची माहिती विचारली, खांबांमधलं अंतर लिहून घेतलं. तानबाने सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "साहेब, हे एक लिहून घ्या. काटा पलीकडं लागते. नाईतं मशीन चालत नाई." साहेबांना ते कळलं नाही. त्यांनी लिहिलंही नाही.

आसपासच्या गावांतल्या बायांना मात्र कळलं. जिथे दोर नव्हता, खांब नव्हते, तिथेही वेचणीला जाण्याआधी त्या विचारू लागल्या, काटा कुठे लावता? बांधावर म्हटलं तर जायच्या. रस्त्यावर म्हटलं तर दुसरं वावर पाहायच्या.

यशोदाबाईने १९९७ नंतर डोक्यावर एकही गाठोडं घेतलं नाही. तिचा हात शाबूत राहिला. २००७ च्या दुसऱ्या वेचणीत एका दिवशी तिचं वजन छप्पन्न किलो भरलं. त्या वर्षी ती चोपन्न वर्षांची होती, आणि टोळीत तिच्या जवळपासही कोणी नव्हतं.