ओहोटीच्या बाटल्या

“मॅडम, ओहोटीचे रीडिंग काढून टाका. भरतीचे पुरेत,” सर म्हणाले. रिपोर्ट त्यांच्या टेबलावर होता, फक्त माझी सही बाकी होती.

मी तेव्हा सरांच्या खाजगी लॅबमध्ये पाणी तपासायचे. काम होतं वसईच्या खाडीच्या मुखाशी. तिथे सांडपाणी समुद्रात सोडणारी नवी पाइपलाइन टाकायची होती. आधी समुद्राची तब्येत बघायची.

ती बघायची एक साधी रीत आहे. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती उन्हात अन्न बनवतात, ऑक्सिजन सोडतात. त्यांच्यावर कोळंबी जगते, मासळी जगते. एकाच पाण्याच्या दोन बाटल्या भरायच्या, एक पारदर्शक, एक ऊन आत न शिरणारी काळी. दोन्ही दोरीने पाण्यात सोडायच्या. काही तासांनी दोन्हींतला ऑक्सिजन मोजायचा. जो फरक येतो, तेवढं अन्न तिथे तयार झालं.

आमची होडी बस्त्यावकाकांची. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, “भरतीला पानी चांगलंच दिसनार, बाय. भायेरचा दर्या आत येतो. ओहोटीला बघा.”

बघितलं. खाडीतून नाल्यांचं काळं पाणी उतरत होतं. दोन्ही बाटल्यांत ऑक्सिजन नावालाच. फरक जवळजवळ शून्य.

“सर, हेच तर खरं रीडिंग आहे.”

“क्लायंटला असलं खरं नकोय. पाइपलाइनची परवानगी अडेल.”

माझं डोकंच फिरलं. मी सही केली नाही. सरांनी स्वतः केली.

जनसुनावणीत स्क्रीनवर आलं, ‘पाण्याची स्थिती समाधानकारक’. काका उठले.

“ओहोटीचं पानी माझ्या होडीतून नेलंत. त्याचा आकडा कुठाय?”

“त्या बाटल्या फुटल्या,” सर शांतपणे म्हणाले.

इतकं निर्लज्ज खोटं, तेही ज्याच्या होडीत बसून नमुने घेतले त्याच्या तोंडावर! मी मागच्या रांगेत होते. उभी राहिले.

“एकही बाटली फुटली नाही. आकडे माझ्या फील्डबुकात आहेत.”

अधिकाऱ्यांनी फील्डबुक मागून घेतलं. दुसऱ्या लॅबकडून भरती-ओहोटी दोन्हींची फेरतपासणी करायला लावली. आकडे माझ्या नोंदींशी जुळले. पाइपलाइन तूर्त थांबली. माझी नोकरी त्याआधीच गेली होती. नाले मात्र अजून तसेच वाहतायत.

आता मी दुसरीकडे काम करते. नमुना घेतला की वेळ लिहिते, भरती की ओहोटी ते लिहिते आणि खाली होडीवाल्याची सही घेते. शास्त्राच्या पुस्तकात ही पायरी नाही. असायला हवी.