आल्डिथा आणि डझनावरचा पाव

हॅमो भटाऱ्याने बारा पाव मोजून आल्डिथाच्या टोपलीत टाकले आणि हात झटकले.

"तेरावा?" तिने विचारलं.

"बंद केला, वहिनी. इतकी वर्षं मनाचा मोठेपणा म्हणून देत होतो."

आल्डिथाच्या अंगाचा तिळपापड झाला. पावाची किंमत राजाच्या कायद्याने बांधलेली. तिच्यासारख्या दारोदार पाव विकणाऱ्या बायकांना वर काही चढवता येत नसे. तेराव्या पावाचं जे येई, तीच त्यांची कमाई. पण ती भडकली 'मोठेपणा' या शब्दावर.

तिचा नवरा थर्स्टन याच गल्लीतला भटारी. एका हिवाळ्यात सरपण ओलं निघालं, पाव भट्टीत जास्त वेळ राहून वाळले आणि तराजूत हलके भरले. कमी वजनाचा पाव विकणं म्हणजे गुन्हा. अधिकाऱ्यांनी त्यातलाच एक पाव त्याच्या गळ्यात बांधला आणि त्याला फळीवर टाकून घोड्यामागून लंडनच्या घाणेरड्या रस्त्यांवरून फरफटत नेलं. लोकांनी शेण मारलं. थर्स्टनने अंथरूण धरलं, ते सुटलंच नाही. तेव्हापासून गल्लीतले सगळे भटारी डझनावर एक पाव जास्त घालू लागले. न जाणो, वजन कमी भरलं तर!

"मोठेपणा? तुझी तंतरली होती, मेल्या!" ती ओरडली. "माझा नवरा चिखलातून गेला म्हणून तुझी चामडी वाचली. आता वजन तपासायला तराजूवर तुझा मेहुणा बसलाय, म्हणून भीती मेली होय?"

"हळू बोला, लोक ऐकतायत."

"ऐकू देत!" तिने टोपली त्याच्या दुकानाच्या फळीवर उपडी केली.

मागे टोपली घेऊन रांगेत उभी असलेली विमार्का म्हणाली, "मग मी पण नाही उचलत." बाकीच्या विकणाऱ्याही रिकाम्या टोपल्या घेऊन निघाल्या.

संध्याकाळपर्यंत हॅमोचे पाव दगड झाले. तो एक पाव घेऊन आल्डिथाच्या दाराशी आला. "घ्या वहिनी. उद्यापासून सगळ्यांना तेरा. झालं गेलं विसरा."

"विसरू? थर्स्टनला नेत होते तेव्हा तू दारात उभा राहून हसत होतास. बघितलंय मी." तिने दार त्याच्या तोंडावर आपटलं.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायका हॅमोकडे परतल्या, तेरा मोजून घेऊ लागल्या. आल्डिथाने त्यांना बोल लावला नाही. पोरंबाळं होती त्यांची. ती मात्र टेम्स ओलांडून साउथवार्कातल्या भटाऱ्याकडे जाऊ लागली. वाट लांबची. गुडघे ठणकले की ती हॅमोला शिव्या घालायची आणि चालत राहायची.