गोणपाटाखालचा पूल

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, विरोधी पक्षाच्या कारभाराचं निष्पक्ष मूल्यमापन करणारं साधन अखेर सापडलं आहे. त्याला वीज लागत नाही, टेंडर लागत नाही. त्याचं नाव गोणपाट.

हा शोध लागला तेव्हा मी पिशोरजवळच्या एका पुलाखाली, गुडघाभर चिखलात उभा होतो. आणि वर, बरोबर माझ्या डोक्यावर, बँड वाजायला लागला.

मी बांधकाम खात्यातला निवृत्त इंजिनिअर. सगळी नोकरी क्वालिटी कंट्रोलमध्ये, म्हणजे दुसऱ्यांनी बांधलेल्या गोष्टींना नावं ठेवायचा पगार घेतला. ही ख्याती ऐकून सत्ताधारी पक्षाच्या एका स्थानिक पुढाऱ्यांनी मला उस्मानपुऱ्यातल्या ऑफिसात बोलावलं. त्यांना सगळे अण्णा म्हणतात.

"जाधव साहेब, आमच्या आधी त्यांचं सरकार होतं. त्यांच्या कामांचा रिपोर्ट पाहिजे. एकदम निष्पक्ष."

"निष्पक्ष म्हणजे?"

"म्हणजे वाचणाऱ्याला निष्पक्ष वाटला पाहिजे. बाकी तुम्ही हुशार आहात."

हुशार असल्यामुळे मी एक अट घातली. त्यांची कामं आणि तुमची कामं एकत्र मिसळायची. कोणतं कोणाचं, हे मार्क देईपर्यंत मला कळता कामा नये. अण्णा हसत हो म्हणाले. आपली कामं चांगली आहेत, यावर त्या माणसाचा खरोखर विश्वास होता.

अडचण होती कोनशिलेची. आपल्याकडे काम केवढंही असो, पाटीवर नावं भरपूर. म्हणून आमच्या लॅबमधले जुने सहकारी आसिफभाई मोटरसायकलवर तासभर आधी पुढे जायचे आणि पाटीवर गोणपाट टाकून सुतळीनं बांधायचे. मग मी जायचो. हर्सूलला हे छान जमलं. तिथे एक बसथांबा पाहिला, त्याचा बाक भिंतीकडे तोंड करून होता. एक गटार पाहिलं, त्यातल्या पाण्यानं चढ चढावा अशी अपेक्षा होती. दोघांनाही मी मनमोकळेपणानं नापास केलं.

पिशोरचा पूल मात्र गंमत नव्हती. तो धोकादायक असल्याचं पत्र कुठून तरी निघालं होतं आणि आठ महिने एसटी बंद होती. ओढ्याच्या काठावरच अंगणवाडी सेविका सविताताई खरात भेटल्या.

"साहेब, माझी पोरगी कन्नडच्या कॉलेजात हाय. रोज फाट्यापर्यंत चालत जायली. सोमवारपासून तिचं प्रॅक्टिकल. हा पूल पडतो का नाय, एकदाचं सांगून टाका. आन ह्यो बांधला कोनी, म्हाईत हाय का..."

"ताई, सांगू नका!" मी कानांवर हात ठेवले.

"अहो, सगळ्या गावाला ठाव हाय!"

"असू द्या! मला नको!"

शहरातून वेडा पाठवलाय, अशी त्यांची खात्री पटलेली दिसली. मी खाली उतरलो. माझ्याकडे रिबाउंड हॅमर होता. हा स्प्रिंगचा हातोडा काँक्रीटवर दाबला की उसळतो आणि आकडा दाखवतो. जितका जास्त उसळेल, तितकं काँक्रीट कडक. खांबांवर आकडे झकास येत होते. तेवढ्यात तो बँड.

कठड्यावरून आसिफभाईंचं डोकं डोकावलं. "साब, बडी गडबड हो गई. लोगां समझे उद्घाटन है!"

आपल्याकडे पाटी दोनच वेळा झाकतात. अनावरणाआधी आणि आचारसंहितेत. अर्ध्या गावानं पहिलं गृहीत धरून, म्हणजे पूल नव्या पाटीसह पुन्हा सुरू होतोय असं समजून, बँड आणि नारळ आणला. उरलेल्या अर्ध्यानं दुसरं गृहीत धरून ग्रामपंचायतीतली पुढाऱ्यांच्या फोटोंची कॅलेंडरं उलटी टांगली. निष्पक्षपणासाठी कोणी पाटी झाकेल, हा संशय एकालाही आला नाही.

कोणीतरी अण्णांना फोन केला, "विरोधक उद्घाटनाला यायलेत!" अण्णा तालुक्यातच होते. अर्ध्या तासात हारासकट हजर. मी चिखलानं माखलेला वर धावलो.

"अण्णा, थांबा! मार्क द्यायचे राहिलेत!"

"मार्क नंतर, साहेब. ते यायच्या आत हे उरकू."

त्यांनी सुतळी ओढली. गोणपाट पडलं. पाटीवर मागच्या सरकारातल्या मंत्र्यांचं नाव आणि खाली ठळक अक्षरात अण्णांच्या कायमच्या प्रतिस्पर्ध्याचं. बँडवाल्यांनी फक्त कापड पडलेलं पाहिलं आणि जोर वाढवला.

अण्णा मुरलेला माणूस. त्यांनी सरळ माईक ओढला. "मित्रहो, विकासात आम्ही राजकारण आणत नाही! हा पूल भक्कम आहे!" आणि तिथेच नारळ आपटला. नारळ फुटला, पूल फुटला नाही. तपासणी म्हणून हेही वाईट नव्हतं.

"भक्कम हाय ना?" सविताताई पुढे झाल्या. "मग यष्टी सोडा!"

"व्हय, व्हय!" गाव ओरडलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. आता नाव कळलं होतं, पण आकडे आधीचेच होते. मी माईकवर वाचले. "काँक्रीट उत्तम. कठडा भिकार, तो आधी दुरुस्त करा. पाणी जायची भोकं बुजलीत, ती उघडा. एसटी खुशाल जाऊ द्या."

शनिवारपर्यंत कठडा झाला. सोमवारी पहिल्या एसटीनं ताईंची मुलगी प्रॅक्टिकलला गेली.

बाकीची गोणपाटंही उघडली. भिंतीकडे बघणारा बसथांबा विरोधकांचा निघाला, चढ चढणारं गटार अण्णांचं. रिपोर्ट वाचून अण्णा म्हणाले, "निष्पक्ष आहे हो, पण वाटत नाही." विरोधक म्हणाले, "पुलाचं पान छापतो, थांब्याचं फाडतो." मी दोघांनाही नाही म्हणालो. रिपोर्ट अजून माझ्याच कपाटात आहे.

यातून मी एवढंच शिकलो, की काम जोखायचं तर नाव झाकावं. मात्र झाकण्याआधी गावात दवंडी द्यावी.

त्या दिवशी पुलावर अण्णांची गाडी अजून वळतच होती. आसिफभाई गोणपाटाची घडी घालायला लागले, तोच सविताताई सगळ्यांदेखत ओरडल्या,

"भाऊ, घडी नका घालू! आमच्या अंगणवाडीचं छत गळायलंय, तिथल्या पाटीवर टाका आधी, म्हंजी अण्णा तिकडंबी येतील!"