सहीमास्तर

आबा सही करायला उभे राहायचे. पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला की हातातलं काम बाजूला ठेवून उठायचे, सदऱ्याचं वरचं बटण लावायचे आणि मग पूर्ण नाव लिहायचे. स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव, एकही अक्षर न गाळता. शाई वाळेपर्यंत कागद हातातून सुटायचा नाही. पोस्टमन अंगणात सायकलची घंटी वाजवत राही. "वाजवा," आबा म्हणायचे, "घंटीनं शाई लवकर वाळत नाही."

आबा माझे वडील. नरडाण्याजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते, पण गाव त्यांना सहीमास्तर म्हणायचं. संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर ते मोठ्या माणसांना लिहायला शिकवत. बाराखडीपासून सुरुवात करत नसत. "बाराखडी सगळ्यांची असते. आधी आपलं नाव लिहा," असं म्हणून प्रत्येकाच्या पाटीवर त्याचं नाव काढून देत आणि महिनाभर तेवढंच गिरवून घेत. दगूअक्कांनी साठीत पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं तेव्हा मी तिथंच बसले होते. त्यांनी पाटी लांब धरली, जवळ घेतली आणि विचारलं, "मास्तर, हाई मनंच नाव शे का?"

"तुनंच शे, माय," आबा म्हणाले. "बठ्ठं तुनंच."

सगळं नाव आपलंच म्हणून अक्कांनी ती पाटी पदराखाली झाकून घरी नेली. पुसली जाईल म्हणून दोन दिवस परत आणली नाही.

यामागं माझे आजोबा होते. त्यांना एकदा कुणीतरी एक कागद वाचून दाखवला होता. वाचलं एक, लिहिलेलं दुसरंच. त्यांनी अंगठा दिला आणि गावाखालचा जमिनीचा तुकडा गेला. आबा तेव्हा सात-आठ वर्षांचे असतील. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, आणि जमिनीबद्दल फारसं बोललेच नाहीत. "बाप आठ दिवस तो अंगठा मातीला घासत होता," एवढंच म्हणाले.

ते साधुसंत नव्हते. हट्टी होते, आणि त्यांच्या हट्टाची किंमत घरातले लोक मोजत. मला एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलाच्या वडिलांच्या पत्राखाली सही म्हणून एक वेटोळं होतं. आबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. "कोंबडी चालून गेली का यावरून? या माणसाला आपण कोण ते कुणाला कळू द्यायचं नाही." ते स्थळ तिथंच राहिलं. पुढंही कुठलं जुळलं नाही. मी जळगावला एका शाळेत ग्रंथपाल झाले आणि निवृत्तीनंतर आबा माझ्याकडे पिंप्राळ्याला राहायला आले. दादा, माझा थोरला भाऊ, धुळ्याला बांधकामाची कामं घ्यायचा. त्याची सही वेटोळ्याचीच होती. आबा त्यावर काही बोलत नसत, पण दादाचं पत्र आलं की खालच्या सहीकडे न बघता पाकिटावरचा पत्ताच दोनदा वाचत.

"सही केली म्हणजे तिथं आपण उभे राहिलो," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. "कागद कुठंही जाऊ दे, आपण तिथं उभेच असतो."

एका हिवाळ्यात आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. बुद्धी मात्र शाबूत होती. वर्तमानपत्राचं पान मी चुकीचं धरलं तर भुवई चढायची. पेन्शन बँकेत जमा होत होती, पण सहीशिवाय काढता येईना. तीन महिने माझ्या पगारातून औषधं भागवली. मग बँकेत जाऊन सगळं सांगितलं. तिथला वयस्कर कारकून आबांना ओळखत होता. म्हणाला, "बाई, एक तर साक्षीदारांसमोर अंगठा द्यावा लागेल. नाहीतर मुखत्यारपत्र करून घ्या. पण मास्तर डाव्या हातानं नाव लिहू शकले, तर रिक्षात घालून आणा. नवीन सही नोंदवून घेऊ. डावी-उजवी आम्ही बघत नाही."

घरी येऊन मी आबांना तिन्ही वाटा सांगितल्या. अंगठा म्हटल्यावर त्यांनी डाव्या हाताची मूठ घट्ट मिटली. मग ती उघडली आणि कपाटाकडे बोट केलं. कपाटात पाटी होती.

सत्तरीतला माणूस डाव्या हातानं स्वतःचं नाव गिरवू लागला. पहिल्या आठवड्यात नुसत्या रेघा. मग 'सु' आला, कलता, पण आला. 'क' उलटा पडायचा. ते तो मनगटानं पुसायचे आणि परत काढायचे. मी शाळेतून आले की पाटी माझ्याकडे वळवून वाट बघायचे, दगूअक्का बघायच्या तशी. महिन्याभरात 'सुकदे' जमलं. 'व' राहिला होता. पुढं वडिलांचं नाव आणि आडनाव.

दादा आला तो रविवारी दुपारी, एका वकिलाला घेऊन. आबा गोळी घेऊन झोपले होते. दादानं पिशवीतून स्टॅम्पपेपर काढला. सर्वाधिकार मुखत्यारपत्र होतं. मी वाचलं. पेन्शन होती, बँक होती आणि खालच्या ओळीत आबांचा धुळ्याचा प्लॉट विकण्याचा अधिकारही होता.

"दादा, ते सही शिकताहेत. अजून महिनाभर थांब."

"महिनाभर? आपल्याला काय परीक्षेला बसवायचंय त्यांना? गिऱ्हाईक थांबणार नाही."

"ते जागे झाल्यावर विचार तरी."

"विचारून बोलणार आहेत का ते?" दादा हसला. वकील हसला नाही, पण घड्याळ बघितलं. "पुरुषाचा डावा अंगठा लागतो," तो म्हणाला. "तेवढी काळजी घ्या."

शाईचं पॅड सुकलेलं होतं. दादानं त्यावर थुंकी टाकली आणि बोटानं ती पसरली. मग त्यानं आबांचा डावा हात उचलला. त्या हाताला पाटीची पांढरी पूड लागलेली होती. अंगठा त्या थुंकीत दाबला आणि कागदावर टेकवला. आबांच्या घशातून बारीक आवाज आला, झोपेतच. कागदावर आधीच टाइप केलेलं होतं: वाचून दाखवले, राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले.

"सुमन, साक्षीदार म्हणून सही कर. एवढं शिकलीस, आज उपयोगाला येऊ दे."

मी केली. का केली याचं उत्तर शोधत मी अनेक वर्षं घालवली. औषधांचे पैसे, दादाचा धाक, वकिलासमोरचा संकोच, सगळी कारणं खरी आहेत आणि सगळ्यांची मला शिसारी येते. दादाची आली त्याहून जास्त.

आबा उठले तेव्हा दादा निघून गेला होता. मी फडक्यानं अंगठा पुसला होता, पण नखाच्या कडेला निळं राहिलं होतं. त्यांनी हात डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे. मी पाटी आणून मांडीवर ठेवली. त्यांनी ती डाव्या हातानं हळूच माझ्याकडे सरकवली. रागानं नाही. एखाद्या पोरानं दुसऱ्याची पाटी चुकून आणावी आणि ती परत द्यावी, तशी. त्यानंतर ते अंगठा चादरीला घासत राहिले. शाई गेल्यावरही घासत होते.

प्लॉट पावसाळ्याआधी विकला गेला. पेन्शन दादा धुळ्याहून येऊन काढायचा, औषधांपुरती माझ्या हातावर ठेवायचा. आबा दिवाळीनंतर गेले. शेवटपर्यंत त्यांनी खडू हातात घेतला नाही. दादा विहारात त्रिशरण म्हणताना मोठ्यानं रडला. मी त्याच्या शेजारी उभी होते आणि त्याच्या बाहीचा स्पर्श होऊ नये म्हणून अंग चोरत होते. मग लक्षात आलं, त्या कागदावर मी त्याच्या इतक्याच जवळ आहे.

मुखत्यारपत्राची एक प्रत माझ्याकडे आहे. मधे आबांचा अंगठा, पुसट, थुंकीमुळे एका बाजूनं फुटलेला. त्याच्या खाली माझी सही. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव. एकही अक्षर गाळलेलं नाही. वळण अगदी त्यांचंच. मी तिथं उभी आहे.