चार अष्टमांश तवसळी

गणित डोळ्यांनी दाखवलं की मुलांना लगेच कळतं, असं माझं ठाम मत होतं. त्याची किंमत मला साखळीला बहिणीच्या सासरी कळली.

सुलूचं लग्न त्या वर्षी उन्हाळ्यात झालेलं. म्हणजे गणपतीची तिची पहिलीच चवथ, आणि आमच्या पेडण्याहून तिच्या सासरी ओझं जायचं होतं. (ओझं म्हणजे माहेरची फळं नि गोडधोड. सासरची माणसं ते वाड्यात, म्हणजे आळीत, घरोघर वाटतात, आणि वाडा ते चाखून सुनेच्या माहेराला मार्क देतो.) आईनं तवशाचा, म्हणजे मोठ्या काकडीचा, कीस, रवा नि गूळ घालून परातीएवढी तवसळी भाजली होती. अख्खी, कुठे चीर नाही! सुलूची सासू कडक. माझ्या पोरीला पहिल्याच चवथीला कोणी नाव ठेवता कामा नये, हा आईचा जप पहाटेपासून चालू होता.

गाडी यायला अवकाश होता. माझी चौथीतली लेक पूर्वा पुस्तक घेऊन रडकुंडीला आलेली. एक द्वितीयांश आणि दोन चतुर्थांश सारखे कसे? दोन तर एकाहून मोठा, चार दोनाहून मोठा! पुस्तकातलं रंगवलेलं वर्तुळ तिला पटेना. मग मी पोदेरानं, म्हणजे पाववाल्यानं, सकाळी दिलेल्या पाव-पोळ्यांतल्या दोन गोल पोळ्या घेतल्या. एकीचे दोन भाग केले, दुसरीचे चार. मी समजावत होतो तोवर तिनं सगळा पुरावा चहात बुडवून खाल्ला. आता घरात गोल असं काहीच उरलं नव्हतं. म्हणजे, एक होतं.

आई न्हाणीत होती. म्हटलं, सुरीनं वर नुसती रेघ मारू, कुणाला कळतंय! पण तवसळी मऊ आणि सुरी धारेची. रेघ थेट ताटाला लागली. अर्धी झालीच आहे तर म्हणून एका अर्ध्याचे दोन केले. "बघ, हे दोन मिळून त्या अर्ध्याएवढेच."

पूर्वानं वाकून बघितलं. "नाही पप्पा. हे जास्त आहे."

खरंच जास्त होतं! माझी रेघ तिरकी गेलेली. भाग सारखे नसतील तर पोर चुकीचं शिकेल, म्हणून जास्तीची कड कापली, आणि ठेवायची कुठे म्हणून खाल्ली. मग दुसरी बाजू मोठी दिसू लागली. तीही कापली. (आणि अर्थात...) असं करत अष्टमांशापर्यंत आलो तेव्हा पूर्वाचा चेहरा उजळला. तुकडे कितीही केले तरी तवसळी तेवढीच, चार अष्टमांश म्हणजे अर्धीच, हे तिला कळलं. तवसळी तेवढी राहिली नव्हती, पण तत्त्व बरोबर होतं.

आई न्हाणीतून बाहेर आली.

"मेल्या, ह्या काय केलंस?"

आठही तुकडे मिळून एकच होतं, असं मी तिला सांगून पाहिलं. ती मटकन खाली बसली आणि डोळ्यांना पदर लावला. दुसरी भाजायला ना तवसं होतं ना वेळ. गाडी दारात उभी. आम्ही तुकडे जुळवून लहान ताटात बसवले आणि वर हळदीची पानं पसरली.

साखळीला सुलूच्या सासूनं शेजारणींसमोरच पान उचललं. "कापलेली?" सुलूचा रंग उडाला. आई जमिनीकडे बघायला लागली. गणिताचा तज्ज्ञ दाराआड सरकला.

पूर्वा पुढे झाली. "आत्यानंच सांगितलेलं, सारखे भाग करून आणा, वाटताना कोणाला कमी-जास्त नको. घरं जास्त असली तर एकेकाचे दोन करायचे. तवसळी तेवढीच राहते."

सासूबाईंनी सुनेकडे निरखून बघितलं. मग शेजारणींना म्हणाल्या, "डोकं आहे हां आमच्या सुनेला." आणि सुरी सुलूच्या हातात दिली. परतीच्या वाटेवर आईनं पूर्वाला मांडीवरून उतरू दिलं नाही. माझ्याशी ती दिवाळीला बोलली.

आज आई नाही. त्या घरात अजून काही वाटायचं झालं की सुलूलाच हाक मारतात. पूर्वा नोकरीला बाहेरगावी, पण चवथीला येते आणि आजीसारखी तवसळी भाजते. तो गुळाचा वास सुटला की आई न्हाणीतून आत्ता बाहेर येईल असं वाटतं आणि माझे डोळे भरतात. त्याच भरल्या डोळ्यांनी मी सुरी उचलतो. पूर्वा ती काढून घेते.

"पप्पा, राहू दे. तुम्ही सारखे भाग करायला बसलात की आम्हाला काही उरत नाही."