खिडकीपाशी येणारी करडी खार

ऑड्री स्टॉब्स लग्न होऊन त्या खोऱ्यात आली तेव्हा खार म्हणजे खार, यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं. ती बंदरगावची, कोळशाच्या धुरात वाढलेली. एडविन वनखात्यात नोकरीला होता. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्याने तिला एका पाइनच्या झाडाखाली पाय गारठेपर्यंत गप्प उभं केलं आणि वर फांदीवर त्या झाडाचं शंकूसारखं फळ कुरतडत बसलेली तांबडी खार दाखवली. कानांवर केसांचे झुबके, आणि शेपटीत ऊन शिरलं की ती पेटल्यासारखी दिसायची.

"ही इथली," एडविन म्हणाला. "तुझ्यामाझ्या आधीपासूनची."

करड्या खारी उपऱ्या. कुणा हौशी श्रीमंतांनी अमेरिकेतून आणून आपापल्या बागांत सोडल्या आणि त्या देशभर पसरल्या. अंगाने दांडग्या, तांबडीच्या तोंडचा घास काढून घेणाऱ्या. शिवाय अंगात एक रोग घेऊन फिरणाऱ्या. त्या रोगाने त्यांचं स्वतःचं काही बिघडत नाही. तांबडीला मात्र देवी आल्यासारखे डोळ्यांभोवती, तोंडाभोवती फोड येतात आणि ती खाणंपिणं सोडून मरते. करड्या दक्षिणेकडून सरकत सरकत खोऱ्याच्या तोंडाशी आल्या तेव्हा एडविननेच गावातली माणसं गोळा केली. रानात पिंजरे लावले. तांबडी सापडली तर सोडून द्यायची. करडी सापडली तर तिथेच छर्ऱ्याच्या बंदुकीने डोक्यात गोळी. पकडलेली करडी परत सोडणं कायद्यानेच गुन्हा आहे.

"तुला झोप कशी लागते रे?" ऑड्रीने सुरुवातीला एकदा विचारलं होतं.

"नाही लागत कधीकधी. पण दुसरा काही उपाय असला तर सांग, पोरी."

पोरी. तिचे केस पांढरे झाले तरी तो तिला पोरीच म्हणायचा.

उपाय तिलाही सुचला नाही. पुढे ती त्याच्याबरोबर पिंजऱ्यांच्या फेरीला जाऊ लागली, आणि मग बंदूकही धरायला शिकली. आजूबाजूच्या खोऱ्यांतून तांबड्या नाहीशा झाल्या, यांच्या रानात टिकल्या. लांबून माणसं बघायला यायची. एडविन त्यांना रान दाखवायचा आणि परतताना ऑड्रीकडे चहाला घेऊन यायचा.

मग एडविन विसरायला लागला. आधी माणसांची नावं गेली, मग रानातल्या वाटा. एकदा तो स्वतःच लावलेल्या पिंजऱ्यापाशी उभा राहून, हे इथे कुणी ठेवलं म्हणून चिडला. त्या दिवसापासून फेरी एकट्या ऑड्रीची झाली. तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून राहायचा. बोलणं तुटत गेलं, मग जेवणही. चमचा तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटायचा. महिनोन् महिने त्याने तिला कुठल्याच नावाने हाक मारली नाही.

सफरचंदं उतरवायच्या दिवसांत एका सकाळी पाखरांना दाणे घालायच्या फळीवर करडी खार येऊन बसली. ऑड्रीने हातातलं भांडं खाली ठेवलं. पिंजरा पडवीत होता. ती दारापर्यंत पोचली आणि मागून हसण्याचा आवाज आला.

"पोरी, बघ गं. तांबडी आलीये."

ती वळली. एडविन काचेला नाक लावून बसला होता, आणि त्याचा चेहरा जुना झाला होता, म्हणजे ओळखीचा. करडी शेपटी फुलवून त्याच्याकडे बघत होती.

"कशी आहे बघ ना," तो म्हणाला.

"छान आहे," ऑड्री म्हणाली.

त्या दिवशी त्याने खिमा आणि बटाटा थाळी पुसून खाल्ला. ऑड्रीने पिंजरा लावला नाही. दुसऱ्या दिवशी तिने फळीवर मूठभर शेंगदाणे टाकले. नंतर रोजच.

रानातली फेरी तिने सोडली नाही. तिथे करडी सापडली की ती मारायची, हात धुऊन घरी यायची आणि घरच्या करडीला दाणे घालायची. हे तिला दिसत नव्हतं असं नाही. पण एडविन जेवत होता. खार आली की दोन-चार वाक्यं बोलत होता. कधी तिचा हात धरून ठेवायचा.

पिंजऱ्यांचं सगळं आता कॉलिन मिलबर्न बघायचा. गावात त्याचं मोटारी दुरुस्तीचं दुकान. एडविननेच त्याला हे काम शिकवलं होतं. पानगळ सरत आली तेव्हा तो येऊन स्वयंपाकघरात टेकला.

"पुलापाशी झाडाला कॅमेरा लावलाय ना, त्यात एक करडी आलीये," तो म्हणाला. "तुमच्याच बाजूने गेल्यासारखी दिसते. तुला दिसली का कुठे?"

"नाही बाबा," ऑड्री चहा गाळत म्हणाली.

"रोज येते," एडविन खिडकीपासून म्हणाला.



"काय येते, एडविन?" कॉलिनने विचारलं.

"तांबडी. अजून काय येणार? तू गाड्याच दुरुस्त कर, तुला खारीतलं काय कळतंय."

कॉलिन खूश होऊन हसला. "बघितलंस? शिव्या अजून शाबूत आहेत म्हाताऱ्याच्या. आणि दारात तांबडी येते म्हणजे आपलं काम फुकट नाही गेलं."

"बिस्किट घे," ऑड्री म्हणाली.

वसंतात झाडांना पालवी फुटत होती तेव्हा तिला कुंपणाच्या दगडी भिंतीखाली एक तांबडी सापडली. माणूस जवळ आलं तरी ती पळाली नाही. डोळे फोडांनी बंद झाले होते, पंजे सुजले होते, आणि ती नुसतीच थरथरत होती. ऑड्रीने बंदूक आणून तिला सोडवलं. इतक्या वर्षांत तांबडीवर तिने कधी नेम धरला नव्हता. मग वरच्या अंगाला आणखी सापडल्या, ओढ्याकाठी सापडल्या. ज्या पाइनखाली एडविनने तिला उभं केलं होतं, तिथे एक मादी पिलांसकट.

कॉलिन आला तो घरात आलाच नाही. फळीकडे बघत अंगणात उभा राहिला. करडी तिथेच बसून दाणे खात होती.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"सफरचंदं उतरवली तेव्हापासून."

"म्हणजे मी चहा पीत बसलो होतो तेव्हाही. आणि तू माझ्या तोंडावर नाही म्हणालीस."

"हो."

"अगं, दुसऱ्या कुणी केलं असतं तर समजलो असतो. तू? मला एकदा विचारायचंस तरी."

"काय सांगितलं असतंस?"

"पिंजरा लाव म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं."

कॉलिनने खिडकीतल्या एडविनकडे बघितलं आणि त्याचा आवाज उतरला. "मी करतो. तू याला घेऊन आत बस."

"नको. मी दाणे घातलेत, मीच करते."

तिने पिंजरा पडवीच्या मागे लावला, खिडकीतून दिसणार नाही असा. खार माणसाळलेली, दुपारच्या आत सापडली. एडविन खुर्चीत पेंगत होता. ऑड्री मागच्या दाराने बाहेर गेली, गुडघ्यावर बसली. जाळीतून खार तिच्याकडे दाणे मागायला सरकली, त्यामुळे नेम सोपा गेला.

ती उठली तर एडविन दारात उभा होता, नुसत्या मोज्यांवर.

"काय केलंत हे, बाई?" तो म्हणाला.

"एडविन, ती करडी होती रे."

"ती माझी खार होती. तुम्ही कोण? इथे काय करताय?"

"मी ऑड्री."

"ऑड्री असती तर तिने हे होऊ दिलं नसतं," तो म्हणाला आणि भिंतीला धरून धरून आत गेला.

त्या संध्याकाळी तिने वाट बघितली, की विसरेल. जेवलेलं विसरायचा, पोटच्या लेकीचं नाव विसरला होता. हे मात्र विसरला नाही. तिच्या हातचं पाणीसुद्धा त्याने घेतलं नाही. मदतीला येणाऱ्या बाईच्या कानात तो सांगायचा, "त्या बाईला घालवा हो. माझी बायको येईल आता, तिला ही इथे दिसायला नको." वजन उतरत गेलं. शेवटी डॉक्टरांनीच सुचवलं, आणि उन्हाळ्यात त्याला तालुक्याच्या गावी वृद्धाश्रमात ठेवावं लागलं.

करडीचं रक्त कॉलिनने तपासायला पाठवलं होतं. त्याचा फोन आला तेव्हा ऑड्री रिकाम्या स्वयंपाकघरात होती.

"ऐक, चांगली बातमी आहे," तो म्हणाला. "तुझ्या त्या करडीला रोग नव्हता. अंगात कधी शिरलाच नव्हता म्हणतात. दुसरीकडूनच आला असणार, वरच्या खिंडीतून वगैरे."

ऑड्रीने खिडकीजवळची खुर्ची टेबलाखाली सरकवली.

"म्हणजे तुझ्यावरचा ठपका गेला असं समज. मी सगळ्यांना सांगतो तसं."

"सांग," ती म्हणाली.

"आणि मारावी तर लागलीच असती. हो ना?"

"हो."

तिने फोन ठेवला.

कॉलिनने सांगितलं खरं, पण फेरीला तिला परत कुणी बोलावलं नाही. रानात त्या वर्षी तांबडी कुणालाच दिसली नाही. कॉलिनची माणसं तरी पिंजरे लावत राहिली. पुढेमागे दुसरीकडून येतील, असं ती म्हणत.

ऑड्री दर रविवारी बस पकडून वृद्धाश्रमात जाते. आधी ती त्याच्यासमोर जाऊन बसायची. तो आरडाओरडा करायचा नाही, फक्त मान फिरवायचा आणि मग दिवसभर जेवायचा नाही. आता ती घरून बनवून आणलेलं सूप तिथल्या झ्देन्का नावाच्या परिचारिकेच्या हातात देते.

"आज आत येऊन बघा ना," झ्देन्का म्हणते. "आज बरा मूड आहे त्यांचा."

"नको. गार व्हायच्या आत द्या."

दार थोडं उघडं राहतं. ऑड्री कोट न काढता बाहेरच्या बाकावर बसते आणि चमचा वाडग्याला लागल्याचा आवाज ऐकते.

"कुणी केलंय हो सूप?" आतून एडविन विचारतो.

"तुमच्या बायकोने."

"मग द्या," तो म्हणतो.